पहिलं ऊन वानरांना

परांचीच्या फळीवर अनवाणी उभे राहा. फळी गार लागते. वाळवंट दिवसभर साठवलेली ऊब रात्रीतून सोडून देतं, आणि फेब्रुवारीतली पहाट इथे चांगलीच झोंबते. खाली नाईल आहे. अंधारात ती दिसत नाही, पण गाळाचा ओला वास वर येतो आणि मधूनच एखादा मासा उसळल्याचा आवाज. तुमच्या एका हातात गेरूचं मडकं, दुसऱ्या हातात बोरूचं टोक कुटून केलेला कुंचला. तोंडासमोर, हातभर अंतरावर, एक दगडी वानर.

साल ख्रिस्तपूर्व १२५५ च्या आगेमागे. दुसऱ्या रामसेसला गादीवर बसून दोन तपं होत आली. इजिप्तच्या दक्षिण टोकाला, नुबियात, नाईलच्या पश्चिम काठावरच्या वालुकाश्माच्या कड्यात त्याने एक देऊळ कोरून घेतलंय. आख्खा डोंगर पोखरून काढलेलं देऊळ. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला याचे कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत. तुमच्या पायांखाली दहा-अकरा मजल्यांची खोली आहे. तिथे राजाच्या चार बैठ्या मूर्ती आहेत, एकेक वीस मीटरांची, आणि तुम्ही त्यांच्या मुकुटांच्याही वर आहात, कड्याच्या माथ्यावरच्या वानरांच्या ओळीपाशी. ही बावीस वानरं. खरं तर बबून, पण आपण वानरच म्हणू. सगळ्यांचे हात वर उचललेले, तळवे पुढे, नजर पूर्वेला. रानातले बबून पहाटे उगवतीकडे तोंड करून कलकलाट करतात हे इथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय. त्यांच्या लेखी ती जनावरं सूर्याची काकडआरती करतात.

मडकं खाली ठेवा. नदीपलीकडच्या टेकड्यांची कड आता काळ्यावरून जांभळी झालीय.

आधी वानराच्या तळव्यावर येतं. एवढंसं, तांबूस. मग त्याच्या नाकाडाच्या शेंड्यावर, मग भुवयांखालच्या खोबणीत, जिथे काल छिन्नीचा शेवटचा हात फिरला आणि अजून दगडाची भुकटी अडकलीय. तुमच्या स्वतःच्या हाताच्या पाठीवर तेच ऊन आलंय हे थोडं उशिरा लक्षात येतं. खाली माणसं आहेत, भाकरीचा धूर आहे, कुणीतरी खोकतंय, आणि ती सगळी अजून अंधारात आहेत. ऊन वरून उतरत जातं. मुकुट, कपाळं, मिटलेले ओठ, मांडीवर ठेवलेले हात. राजाच्या पावलांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही आणि बावीस वानरं, एवढ्यांच्याच वाट्याला सकाळ झालेली असते.

या देवळाचा, म्हणजे अबू सिंबेलचा, सूर्योदय पाहायचे मार्ग कुणी विचारले तर मी हा पहिला सांगेन. एकदा वानरांच्या शेजारून बघा. मग दुसरं काहीही बघा.

आता खाली उतरा. दारावरच्या कोनाड्यात ससाण्याच्या डोक्याचा सूर्यदेव रा-होरख्ती उभा आहे. त्याच्या हातांपाशी दोन चिन्हं आहेत, आणि देव आणि चिन्हं मिळून राजाचंच एक नाव तयार होतं: उसेरमाआतरे. वाचता येणाऱ्याला दारातच कळावं, की इथे देव कोण आणि राजा कोण हे वेगळं करायचं नाही. तुम्हाला मात्र याच्या आत प्रवेश नाही. देव बसले की आतला भाग पुजाऱ्यांचा. ज्यांनी दगड फोडला, ज्यांनी रंग भरला, त्यांना गाभाऱ्यातली ती सकाळ बघायला मिळणार नाही. म्हणून आजच्या दिवसापुरते पुजाऱ्याचे डोळे उसने घ्या.

आत शिरल्यावर पहिल्या दालनात दोन्ही बाजूंना राजाच्याच आठ उंच मूर्ती, खांबांना टेकलेल्या. भिंतींवर राजाने लढलेली कादेशची लढाई, रथ, बाण, पडलेले शत्रू. पण अंधारात ते दिसत नाही, नुसता हाताला खरखरीत कोरीवकाम लागतं. पुढे दुसरं दालन, मग तिसरं, छत खाली येत जातं, जमीन वर चढत जाते. दारापासून साठेक मीटर आत चार मूर्ती शेजारी शेजारी बसल्यात: प्ताह, अमुन-रा, रामसेस आणि रा-होरख्ती. तीन देव आणि त्यांच्या पंगतीला राजा. वर्षातले बहुतेक सगळे दिवस ते अंधारातच बसतात. सूर्य रोज थोडा सरकून उगवतो, त्यामुळे दारातून आलेला किरण कुठल्या ना कुठल्या भिंतीवर अडतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परत फिरताना एकदा, असं वर्षातून दोनदाच तो दाराच्या नेमक्या समोर उगवतो. त्या दोन सकाळी किरण साठ मीटर सरळ चालत येतो आणि तीन चेहऱ्यांवर बसतो. चौथा, प्ताह, अंधारातच राहतो. त्याचा पाताळाशी संबंध म्हणून तसं मुद्दाम केलं, असं सांगतात.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिलाय त्यांच्या अंगावर इथे ओळखीचा काटा येईल. तिथे मावळतीचं ऊन नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत महाद्वारातून आत येतं, पायांपासून चढत वर जातं, आणि मंडपातली माणसं श्वास रोखून बघतात की आज ढग आडवे येतात का. इथे उगवतीचं. पण मोजणाऱ्याचं कसब तेच आहे, आणि देवाच्या तोंडावर सूर्य यावा ही ओढही तीच.

एक गोष्ट नकाशा बघताना सापडली आणि मला तिने फार आनंद दिला. अबू सिंबेल आणि बडोदा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, २२ अंश २० मिनिटांच्या आसपास. म्हणजे किरण गाभाऱ्यात येण्याच्या एका दिवशी, २२ फेब्रुवारीला, बडोद्यातल्या गच्चीवरून सूर्य क्षितिजावरच्या ज्या दिशेला उगवलेला दिसतो, तीच दिशा धरून पावणेतीन तासांनी तो रामसेसच्या दारात येतो. किरणाचे दोन्ही दिवस राजाच्या जन्माचे आणि राज्यारोहणाचे, असं तिथले वाटाडे ठामपणे सांगतात. त्याला पुरावा नाही. मला त्याची गरजही वाटत नाही.

आता शतकं सोडत चला. देऊळ पुरं होऊन थोडीच वर्षं झाली असतील, रामसेस अजून राज्यावर आहे, आणि भूकंप होतो. दाराच्या डाव्या हाताच्या मूर्तीचं डोकं आणि धड कोसळून पायांशी पडतं. तिथून पुढच्या प्रत्येक सकाळी ऊन तीन चेहऱ्यांवर उतरतं आणि चौथा चेहरा जमिनीवर त्याची वाट बघतो.

ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुरुवातीची एक सकाळ. इजिप्तचा राजा दुसऱ्या साम्तिकच्या सैन्यातले ग्रीक भाडोत्री शिपाई नुबियावरच्या मोहिमेत इथवर आलेत. त्यातले काही मूर्तीच्या पिंढरीवर आपली नावं आणि मोहिमेची हकीकत कोरताहेत. अक्षरं वेडीवाकडी. पुढे हीच अक्षरं ग्रीक लिपीच्या अभ्यासकांना अनमोल ठरतील, पण आज ती घरापासून फार लांब आलेल्या पोरांची अक्षरं आहेत.

मग वाळू. वाऱ्याने कड्यावरून ओतलेली, वर्षानुवर्षं, कुणाला घाई नसलेली वाळू. पावलं गेली, गुडघे गेले, दार गेलं. गाभाऱ्यातल्या तिघांना वर्षातून दोनदा मिळणारा सूर्यही बंद झाला. किती शतकं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

२२ मार्च १८१३. अरबी वेषातला एक स्विस माणूस, योहान लुडविग बुर्कहार्ट, इकडे स्वतःला शेख इब्राहिम म्हणवतो. आदल्याच वर्षी तो पेट्राला जाऊन आलाय. शेजारचं राणी नेफर्तारीचं लहान देऊळ बघून तो परत निघालाच होता, थोडा दक्षिणेकडे वळला आणि वाळूच्या उतारातून वर आलेला एक चेहरा त्याला दिसला. दोघांचे नुसते मुकुट. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा, पण त्याच्याकडे बघू नका, खालच्या गावाकडे बघा. पुस्तकांत लिहितात की त्याने अबू सिंबेल शोधून काढलं. त्यानेच नोंदवलंय की वाळवंटातल्या टोळ्यांचा छापा पडला की बल्लाना गावची माणसं गुरांसकट नेफर्तारीच्या देवळात लपायची. ज्या देवळात गावाने आपली गुरं लपवली, ते देऊळ गावाला सापडायचं राहिलेलं नव्हतं.

चार वर्षांनी, १ ऑगस्ट १८१७ ला, पादुआचा जोवान्नी बेल्झोनी दाराच्या वरच्या फटीतून आत शिरला. एके काळी सर्कशीत पहिलवानी करणारा हा धिप्पाड गडी. मजूर निघून गेल्यावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कपडे उतरवून स्वतः वाळू उपसली होती. आत इतका उकाडा होता की चित्रं काढायच्या कागदावर घाम ठिबकून तो भिजून जायचा.

अमेलिया एडवर्ड्सबरोबर जरा थांबायला हवं. १८७४ चा फेब्रुवारी. ही इंग्रज कादंबरीकार बाई दहाबियात, म्हणजे नाईलवरच्या शिडाच्या घरबोटीत, देवळासमोर मुक्कामाला आहे. रोज पहाटे ती उठून बसते, फक्त ते चेहरे उजळताना बघायला. रोज. अबू सिंबेलचा सूर्योदय बघायचा दुसरा मार्ग हा: एकदा बघून पुढे न जाता, राहून, पुन्हा पुन्हा. उत्तरेकडच्या मूर्तीच्या तोंडावर पूर्वी कुणी साचा घेतला होता, त्याच्या प्लॅस्टरचे पांढरे डाग तसेच राहिले होते. अमेलियाबाईंनी बोटीवरची माणसं कामाला लावली. त्यांनी ते प्लॅस्टर खरवडलं, आणि उरलेला पांढुरका भाग दगडाच्या रंगात मिसळावा म्हणून त्यावर कॉफी लावली, घागरीच्या हिशेबात. राजाचं तोंड कॉफीने पुसणारी ती माणसं मला फार आवडतात. याच बाईंनी पुढे १८८२ साली इजिप्तमधल्या उत्खननांसाठी संस्था उभी केली.

इथपर्यंत सूर्योदय एकाच जागी होत होता. आता १९६३ मध्ये या, आणि देवळाकडे पाठ करा.

तुम्ही आजी आहात. अबू सिंबेलच्या शेजारच्या गावात, नदीकडे तोंड केलेल्या मातीच्या घरात, अंगरेबवर म्हणजे दोरीने विणलेल्या बाजेवर तुम्हाला जाग येते. घरात कर्ता पुरुष नाही. कोकणातल्या कुठल्याही घराला ही गोष्ट समजेल: मुलगा कैरोत कुणाकडे तरी स्वयंपाकी आहे किंवा दारावर आहे, पैसे पाठवतो, वर्षा-दोन वर्षांनी येतो. गावात तुम्ही, सुना, नातवंडं. घर तसं जुनं नाही. अस्वानचं जुनं धरण १९०२ मध्ये झालं, मग १९१२ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये त्याची उंची वाढवली, आणि दर वेळी पाणी वर आलं तसं नुबियातल्या गावांनी घरं उचलून उतारावर वर नेली. खजुरीची झाडं मात्र वर नेता येत नाहीत.

घराला चुन्याचा हात दिलाय. दाराच्या वर भिंतीत चिनी मातीची बशी बसवलीय, निळ्या फुलांची. मुलाने पहिल्या पगारातून आणलेली. नुबियातल्या बायका घर असंच सजवतात, ओल्या मातीत बशा दाबून. पश्चिम काठावरच्या गावात घराने नदीकडे तोंड केलं की ते आपोआप उगवतीकडे होतं. म्हणून सूर्य वर आला की ऊन उंबऱ्यावरून आत येतं, शेणामातीच्या जमिनीवरून सरकत पाण्याच्या रांजणापर्यंत जातं. रांजण पाझरून बाहेरून ओला असतो, तो क्षणभर चमकतो. ते ऊन तिथे पोचलं की तुम्ही चूल पेटवता. वर्षातून दोनदा नाही, रोज. त्यासाठी कुणी गणित मांडलं नव्हतं.

आता अस्वानला नवं, फार मोठं धरण होतंय, आणि या वेळी वर सरकायला जागाच उरणार नाही. १९६३ च्या शरदापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इजिप्तच्या हद्दीतले सुमारे पन्नास हजार नुबियन लोक बोटींत आणि गाड्यांत बसवून अस्वानच्या उत्तरेला, कोम ओम्बोजवळ नेले जातील. सीमेपलीकडे सुदानात जवळपास तितक्याच लोकांना वादी हाल्फातून उठवलं जाईल. निघायच्या आधी माणसं कबरस्तानात जातात, कबरींवर पाणी शिंपडतात, भिंतींना ओठ लावतात. तुम्ही बोथट सुरीने बशी मोकळी करायला बघता. माती घट्ट आहे. बशीला तडा जाईल असं वाटतं तेव्हा तुम्ही सुरी खाली ठेवता आणि बशी तिथेच राहू देता.

कोम ओम्बोला एका ओळीत आखलेली घरं मिळतात. नदी तिथून दिसत नाही.

उजनीचं पाणी आटल्यावर वर येणारं पळसदेवचं देऊळ आपण बघायला जातो, फोटो काढतो. त्या देवळाभोवती घरंही होती, हे तिथे उभं असताना मला दर वेळी उशिरा आठवतं. इथेही जगाला आधी देऊळ आठवलं. मार्च १९६० मध्ये युनेस्कोने आवाहन केलं आणि देशोदेशींची माणसं नुबियात आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तुकडीही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये इथे उत्खनन करून गेली. जे झालं ते थोर होतं, आणि मी ते मनापासून म्हणतो. त्याची एक सकाळ बघा.

ऑक्टोबर १९६५. देवळापुढे बंधारा घालून नदी थोपवलीय, आणि बंधाऱ्यापलीकडचं पाणी देवळाच्या पायापेक्षा वर आलंय. म्हणजे तुम्ही नदीच्या पातळीखाली उभे आहात आणि पंप अखंड धडधडताहेत. इटलीतल्या संगमरवराच्या खाणींतून आलेले कारागीर हाताच्या करवतीने दगड कापताहेत. डोंगराच्या आतल्या बाजूने यंत्रं चालतात, पण कोरीव भागावर हातच, कारण तिथला काप काही मिलीमीटरपेक्षा रुंद जाता कामा नये. वालुकाश्म भुसभुशीत, आधी रेझिन पाजून तो घट्ट करायचा, मग कापायचा, मग लोखंडी गज बसवून उचलायचा. उजाडतंय. क्रेनच्या दोरखंडाला राजाचा चेहरा टांगलाय, कानांपुढचा तेवढा, मुखवट्यासारखा. तो सावकाश गोल फिरतो. क्षणभर त्याच्यावर समोरून ऊन येतं, आणि तीन हजार वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्या पाठीवरही येतं, जिथे नुसता कापलेला डोंगर आहे.

दोन्ही देवळांचे मिळून हजारावर तुकडे झाले, कित्येक वीस-वीस टनांचे. ते सुमारे ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडले. वर काँक्रीटचा घुमट घातला आणि त्यावर डोंगर रचला. भूकंपात पडलेलं डोकं होतं तसंच, पडलेलंच मांडलं. आणि देवळाचं तोंड जुन्याच दिशेला ठेवलं, सूर्यासाठी. सप्टेंबर १९६८ मध्ये देऊळ पुन्हा उघडलं. पूर्वी गाभाऱ्यात सूर्य येण्याच्या तारखा २१ फेब्रुवारी आणि २१ ऑक्टोबर सांगत, आता २२. एवढा डोंगर हलवून चूक म्हणाल तर एका दिवसाची.

आजच्या वर्षात या. फेब्रुवारीची २२ तारीख. अंधार असतानाच रांग लागलीय, हजारो माणसं, ढोल, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान किरण आत जातो आणि वीसेक मिनिटं राहतो. तुमच्या वाट्याला त्यातले काही क्षण येतील, मागून लोक ढकलत असतील. तरी जा. राजाच्या गालावर ते ऊन बघितल्यावर ढकललेलं विसरायला होतं.

पण सवड असेल तर आदल्या किंवा नंतरच्या कुठल्याही साध्या दिवशीही थांबा. अस्वानहून येणाऱ्या गाड्या पहाटे चारच्या सुमाराला निघतात, अंतर २८० किलोमीटर, म्हणजे त्या पोचतात तेव्हा सूर्य चांगला वर आलेला असतो. म्हणून मुक्काम अबू सिंबेल गावातच करा. तिथली काही नुबियन घरं कोम ओम्बोहून परत आलेल्यांची आहेत. पहाटे कुणाला तरी होडी काढायला सांगा.

होडी धरणाच्या तलावात शिरते. सरोवर इतकं मोठं आहे की पलीकडचा काठ अंधारात नुसता अंदाजानेच कळतो. नावाडी पन्नाशीचा असेल. थोडं आत गेल्यावर तो इंजिन बंद करतो. तुमच्या खाली, खोल पाण्यात, देवळाची मूळ जागा आहे, परांची उभी होती ती, आणि दहाबिया नांगरली होती तीही. तुम्ही काठाकडे बघत बसता. कड्याच्या माथ्यावर एक तांबूस रेघ उमटते, आणि ती रेघ म्हणजे ओळीने वर केलेले तळवे आहेत हे तुम्हाला इतक्या लांबून ओळखू येतं.

नावाड्याची देवळाकडे पाठ आहे. तो होडीच्या दुसऱ्या बाजूने, दक्षिणेकडच्या पाण्याकडे हात करून काहीतरी मोजल्यासारखं बोलतो: मशीद, खजुरी, विहीर. मग आजीचं घर. तुम्ही विचारता, कसं होतं? त्याने ते पाहिलेलं नाही, त्याचा जन्म कोम ओम्बोचा. दार पूर्वेला होतं, तो म्हणतो. आणि दारावर बशी होती.